कारण: तांत्रिक बिघाड

एकोणतीस वर्षं मी लोकांना विमान का उडणार नाही ते सांगत आले. त्यातलं खरं किती सांगितलं, ते मात्र विचारू नका. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘विमानतळावरच्या गमती’ मागितल्या आहेत. गमती आहेत, त्या सांगते. पण ज्या माणसामुळे मी लिहायला बसले त्याची गोष्ट गमतीची नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर मागाहून म्हणाल, बाईने फसवलं. तसं म्हणू शकेल असा एकजण आधीच आहे.

मुळात आमचा धंदाच संशयाचा. दारात आलेल्या माणसाला आपण पाणी विचारतो. आम्ही विचारतो, ‘बॅग तुम्हीच भरली का? कुणी काही न्यायला दिलंय का?’ आणि तो ‘नाही’ म्हणाला की त्याच्या डोळ्यांकडे बघतो. मुंबई, पुणे, बेळगाव करत करत ही नजर अशी अंगात मुरली की घरीही सुटेना. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर जास्त दिली तर मला वाटतं, मेथी शिळी असणार.

सोलापुरात विमान सुरू झालं तेव्हा आमच्या छोट्याशा कंपनीने मला इथं स्टेशन इनचार्ज म्हणून पाठवलं. नाव मोठं, पण होतं काय? एक काउंटर, त्यावर दोन मुली, सामान चढवायला दोघं लोडर आणि मी. विमान पंख्याचं, सत्तरेक खुर्च्यांचं. सकाळी साडेनऊला मुंबईला जायचं आणि दुपारी उशिरा परत यायचं. माझं माहेर सोलापूर, घर जुळे सोलापुरात. नोकरीची शेवटची वर्षं आपल्या गावात निघतील म्हणून मी खूश होते.

पहिले काही महिने नुसती जत्रा. एकाला पोचवायला दोन जीपा भरून माणसं यायची. शेंगाचटणीचा डबा हातातल्या पिशवीतून नेता येणार नाही म्हटल्यावर एका आजींनी तो तिथंच उघडला, रांगेतल्या सगळ्यांना चमचा चमचा वाटला, तपासणीच्या जवानालाही दिला आणि रिकामा डबा घेऊन विमानात बसल्या. जाता जाता म्हणाल्या, “आता तुमच्या पोटात हाय. काडा बगू तपासून.”

मग हौस फिटली. ज्यांना एकदा बसून बघायचं होतं त्यांचं बसून झालं. बाकीच्यांना रात्रीची रेल्वे होतीच. इथं झोपायचं आणि मुंबईत उठायचं. सत्तर खुर्च्यांवर कधी पंचवीस माणसं, कधी चौदा, कधी अकरा.

बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते. गिऱ्हाईक नसेल तर किराणावाला माशा मारत बसतो, माल फळीवर राहतो, उद्या विकतो. आमचा माल म्हणजे रिकामी खुर्ची. विमानाचं दार लागलं की ती खुर्ची नासली. म्हणून माणसं कमी झाली की कंपनी आधी आठवड्यातले दिवस कमी करते, मग दोन फेऱ्यांची एक करते, आणि मग हळूच विमान उचलून जिथं रांग आहे तिथं पाठवते. हे कुणाला सांगत मात्र नाही. स्टेशनवरच्या माणसाला तर नाहीच. ते आपण वासावरून ओळखायचं.

दोन गावांतली स्टेशनं बंद होताना मी पाहिली होती, त्यामुळे वास मला लवकर येतो. आधी विमानातली चिवड्याची पुडी जाते. मग दारातल्या कुंड्यांना पाणी घालणारा माणूस येईनासा होतो. इथं मी बोर्डिंग पासच्या कागदाचे सहा रोल मागवले तर दोन आले. बसवराज म्हणून आमचा लोडर होता, अक्कलकोटकडचा, घरात कन्नड बोलणारा. त्याला म्हटलं, “बसू, आपलं काही खरं नाही.”

तो म्हणाला, “हौद्री अक्का, खरं हाय. झाडूबी एकच आलाय ह्या टायमाला.”

प्रवाशांचाही आमच्यावर संशय. विमानात माणसं कमी असली की त्यांना तोल सांभाळून बसवावं लागतं, सगळी पुढं बसून चालत नाही. एकदा बार्शीकडच्या एका पाटलांना मी पहिल्या रांगेतून उठवून मागं बसायला सांगितलं. ते भडकले. “पुडं कुनाला बसवनार? आमदार येनार हाय व्हय?” मी तोलाचं समजावून सांगितलं तर म्हणाले, “बाई, म्या बैलगाडी हाकलीया. दांडी उलाळ झाली, वर उटली, तर मानूस पुडं घेत्यात. मला शिकवू नगा.” गंमत म्हणजे त्यांचं शास्त्र बरोबर होतं, फक्त त्या दिवशी आमची गाडी पुढून जड होती.

आता रद्द करण्याबद्दल. हेड ऑफिसात एक खोली असते, तिला कंट्रोल म्हणतात. कुठलं विमान कुठं जाणार ते तिथं ठरतं. उद्याची नावं कमी दिसली की तिथून रात्री निरोप यायचा, सोलापूर रद्द. प्रवाशांच्या मोबाइलवर मेसेज जायचा. ज्यांना तो पोचला नाही ते सकाळी माझ्यासमोर उभे. एखाद्याने लेखी मागितलं तर देण्यासाठी एक छापील दाखला असे. त्यात कारणाच्या चौकटी होत्या: हवामान, तांत्रिक, इतर. ‘प्रवासी कमी’ अशी चौकट नव्हती. ‘इतर’वर खूण केली की काय ते लिहावं लागे, आणि सोलापुरात बाहेर लख्ख ऊन असताना हवामान कोण मानणार? म्हणून मी तांत्रिकवर खूण करायचे. यंत्र बिघडलं म्हटलं की माणूस भांडत नाही. उलट देवाला हात जोडून म्हणतो, बरं झालं जमिनीवरच कळलं. ही युक्ती मला एका वरिष्ठांनी शिकवली होती आणि मी ती पुढं काउंटरवरच्या दोघींना शिकवली.

आणि मग नागनाथ घोडके.

महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी हा माणूस यायचा. पस्तिशीचा, काळासावळा, डोळे लाल, नखांत काळं वंगण. सामान काही नाही. सकाळच्या विमानाने जायचा आणि त्याच दिवशी परत यायचा. पहिल्या खेपेला तपासणीत त्याच्या खिशात पितळेचा भोवरा सापडला. खाली टोकदार आर असलेला. जवानाने तो काढून घेतला. पुढच्या वेळी दुसरा भोवरा, त्याची आर घासून गोल केलेली. “कशाला नेता हो हे?” मी विचारलं. “पोरीसाठी,” म्हणाला आणि पुढं सरकला.

माझ्या डोक्यात चक्र सुरू. भोवरा द्यायला कुणी विमानाने मुंबईला जातं? पितळच कशावरून, सोनं नसेल कशावरून? मी जवानाला सांगून भोवरा पुन्हा तपासायला लावला. पितळच निघालं. नागनाथने तो मुकाट्याने परत खिशात घातला. माझं समाधान झालं नाही ते नाहीच.

मग शनिवारची विमानं रद्द व्हायला लागली. पहिल्यांदा झालं तेव्हा तो सव्वाआठला धापा टाकत आला. मेसेज त्याने पाहिलाच नव्हता. चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात तो लेथ मशीनवर होता. रात्रपाळीत मोबाइल बाहेर कपाटात ठेवायला लावतात आणि पाळी सकाळी सातला सुटते. मी रद्द म्हणून सांगितलं. तो खुर्चीत बसला. पाच मिनिटांनी उठून काउंटरवर आला.

“म्याडम, लिवून द्या की.”

“काय?”

“इमान न्हाई गेलं म्हून. कारनासकट.”

“कशाला पाहिजे?”

“लागतंय,” एवढंच म्हणाला.

आमच्याकडे दाखला मागणारा माणूस दोनच प्रकारचा. एक, ज्याला ऑफिसात रजेसाठी दाखवायचाय तो. दुसरा, ज्याला ग्राहक मंचात जायचंय तो. हा रजेवाला नव्हता, कारण शनिवारी त्याला हक्काची सुट्टी होती. मी तांत्रिकवर खूण केली, शिक्का मारला आणि त्याचं नाव मनात नोंदवून ठेवलं. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच, तिसऱ्यांदाही तेच. तीन दाखले झाले.

बसवराजचं वेगळंच. “अक्का, त्यो हेड ऑफिसचा मानूस हाय बगा. आपन काय लिवून देतोय ते तपासायला धाडलाय. नखातलं काळं लावून बी येतंय की.”

हसू नका, मला ते पटलं. कंपन्या अशी माणसं पाठवतात, प्रवासी म्हणून येतात आणि अहवाल देऊन जातात. स्टेशन बंद करायला कारण हवंच असतं. कर्मचाऱ्याची चूक सापडली तर दुधात साखर. मी दोघी मुलींना ताकीद दिली, घोडके आला की मीच बोलणार. त्यातच विभागीय साहेबांचा फोन आला: “काही शहरांत लोक पुरावे गोळा करताहेत. प्रवासी कमी हे कारण तोंडातून जाता कामा नये. जो बोलेल तो जाईल.” माझ्या निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं.

त्यानंतरच्या बुधवारी नागनाथ आला. बुधवार हा त्याचा वार नव्हता, म्हणून मी तेव्हाच सावध झाले. आज हातात प्लॅस्टिकची फाइल होती. शर्टाच्या वरच्या खिशात मोबाइल, अर्धा बाहेर डोकावणारा.

“म्याडम, जरा बसू का?” त्याने फाइल उघडली. वरच माझे तीन दाखले होते. त्याच्या खाली कोर्टाचे कागद.

तेव्हा त्याने पहिल्यांदा सांगितलं. बायको दोन वर्षांपूर्वी मुलीला घेऊन मुंबईला भावाकडे गेली होती. सात वर्षांची मुलगी, ओवी. कोर्टाने भेट ठरवून दिली होती: पहिला आणि तिसरा शनिवार, दुपारी बारा ते दोन, मुंबईच्या कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत. शुक्रवारची रात्रपाळी सुटत नव्हती. सातला सुटून बाराला मुंबईत पोचवणारं विमानाशिवाय दुसरं काही नव्हतं. तीन भेटी चुकल्या. त्याने दाखले दिले. समोरच्या वकिलांनी मात्र मोबाइलवर विमानांचा माग काढला. आजकाल कुठलं विमान कुठं होतं ते कुणालाही बघता येतं. त्या तिन्ही दिवशी ‘बिघडलेलं’ विमान साडेनऊ वाजता दुसऱ्या गावाला उडालेलं होतं.

“ते म्हनत्यात, दाखलं खोटं हायती. वळकीच्या बाईकडनं करून घेतल्यात. बाप पोरीला भेटायलाच जात न्हाई म्हनत्यात.” त्याने फाइल माझ्याकडे सरकवली. “पुडची तारीख सोमवारी हाय. जज्जसायेब म्हनले, आसंच चाललं तर भेट बंद, फकस्त मोबाइलवर बोलायचं. म्याडम, खरं काय झालतं तेवडं लिवून द्या. मानसं न्हवती म्हून इमान न्हाई आलं, येवडंच.”

आता माझी अवस्था सांगते, आणि काही लपवत नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते, त्याच्या खिशाकडे बघत होते. मोबाइलची बारीक लाल खूण कापडातून दिसत होती. हा रेकॉर्ड करतोय. साहेबांचा फोन परवा आणि हा आज. कोर्टाचे कागद? कागद काय, कुणीही छापतं. मुलगी? भोवरा दाखवून मला आधीच तयार केलं होतं. सगळं कसं जुळत होतं. संशयाचं हेच असतं, एकदा घरात शिरला की प्रत्येक खुर्ची त्याच्या मापाची निघते.

मी आवाज मुद्दाम चढवला, नीट ऐकू जावा म्हणून. “विमान तांत्रिक कारणानेच रद्द झालं होतं. दाखल्यात लिहिलंय तेच खरं. याहून वेगळं मी काही लिहून देऊ शकत नाही.”

त्याने तिन्ही दाखले पुन्हा कोर्टाच्या कागदांवर नीट लावले. मग म्हणाला, “तुमाला लेकरं हायती का?”

“त्याचा इथं संबंध नाही,” मी म्हणाले. हेही रेकॉर्ड होत असणार म्हणून.

त्याने फाइल मिटली आणि गेला. कोर्टाच्या त्या सोमवारनंतरच्या तिसऱ्या शनिवारी आला नाही, त्याच्या पुढच्या पहिल्या शनिवारीही नाही. त्या दोन्ही दिवशी विमान वेळेवर गेलं, एकदा नऊ माणसं घेऊन. तेव्हा कुठं मी उलटा विचार करायला लागले. हेड ऑफिसचा माणूस असता तर अहवाल आला असता, मेमो आला असता. काहीच आलं नाही. मी एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या सुपरवायझरला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, “घोडके? आमचा टर्नर. बिचाऱ्याची मुलीची भेट बंद झाली. आता शनिवारीही ओव्हरटाइम मागतो.”

मी त्या दिवशी जेवले नाही. कुणाला सांगावं असंही ते नव्हतं. बसवराजला सांगितलं तर तो खाली मान घालून म्हणाला, “अक्का, मीच म्हनलो हुतो हेड ऑफिसचा हाय म्हून.” त्याला तरी काय बोलणार? त्याने म्हटलं आणि मला पटलं, कारण मला तेच पटवून घ्यायचं होतं.

लगेच पत्र लिहून द्यायला हवं होतं. नाही दिलं. पेन हातात घेतलं की साहेबांचा फोन आठवायचा आणि मी ते खाली ठेवायचे. चार महिन्यांनी कंपनीने सोलापूर बंद केलं. प्रवाशांना कळवलं, ‘ऑपरेशनल कारणास्तव’. मला सांगितलं, ईशान्येकडच्या एका स्टेशनवर जा, नाहीतर स्वेच्छानिवृत्ती घ्या. मी निवृत्ती घेतली. ज्या नोकरीसाठी गप्प बसले ती अशी गेली.

शेवटच्या दिवशी काउंटरवर बसून मी पत्र लिहिलं. कंपनीचा कागद, शिक्का, सही, हुद्दा. तिन्ही तारखा घातल्या आणि लिहिलं की त्या दिवशी विमान पूर्णपणे ठीक होतं, प्रवासी कमी असल्याने ते दुसरीकडे वळवण्यात आलं, ‘तांत्रिक बिघाड’ हे कारण मी स्वतः चुकीचं लिहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीतला तो माझा सर्वांत चांगला कागद आहे, असं मला लिहिताना वाटलं.

पुढच्या शनिवारी सुपरवायझरकडून पत्ता घेऊन मी चिंचोळीला गेले. एमआयडीसीच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. नागनाथ दारातच भेटला. त्याने मला आत बसवलं, तांब्या भरून पाणी दिलं. मी पत्र पुढं केलं. त्याने दोनदा वाचलं, बोट ठेवून.

“कवा लिवलं?”

“बुधवारी. शेवटच्या दिवशी.”

“आन आता कंपनीत न्हाई तुमी.”

“नाही.”

तो हसला, पण कडवटपणे नव्हे. “मंग समोरचा वकील काय म्हनंल ठावं हाय? नोकरी गेली म्हून बाई कंपनीवर सूड काडती. आदी येक लिवलं, आता दुसरं. खरं कंचं?” त्याने पत्राची घडी घालून माझ्याच हातात दिली. “आन माज्याजवळ तुमचा आवाज हाय, म्याडम. वकिलानंच सांगिटलं हुतं रेकॉर्ड कर म्हून. मला वाटलं, बाई तोंडानं तरी खरं बोलतील. तुमी लई ठासून बोललात.”

म्हणजे माझा संशय खरा होता. तो रेकॉर्ड करतच होता. आयुष्यात पहिल्यांदा संशय खरा निघाल्याची मला लाज वाटली.

मी उठायला लागले तर म्हणाला, “बसा. बारा वाजता फोन येतोय पोरीचा. अर्धा तास देत्यात. आता निगालात तर तुमाला पोचवन्यात फोन चुकंल.” खरं तर मी जावं की नको हे त्यालाही कळत नसावं. तेवढ्यात मोबाइल वाजला. पडद्यावर दोन वेण्या घातलेली मुलगी, पुढचा एक दात पडलेला. मागं कुणा बाईची साडी दिसत होती, चेहरा नव्हता.

“पप्पा,” ती काही विचारायच्या आधीच म्हणाली, “विमान दुरुस्त झालं का?”

मी नागनाथकडे बघितलं. त्याने मुलीला तेच सांगितलं होतं, जे माझ्या दाखल्यात होतं. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. “ह्या इमानाच्या म्याडम हायत. त्यांनाच इचार.”

मागची साडी जवळ सरकली. “कोण आहे ती?” असा बाईचा आवाज आला. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. तिथं कंट्रोल नव्हतं, साहेब नव्हते, चौकटी नव्हत्या. मी म्हणाले, “बाळा, विमान कधी बिघडलंच नव्हतं. मी खोटं लिहिलं होतं. तुझे पप्पा प्रत्येक वेळी विमानतळावर आले होते. विमानात बसायला माणसं कमी होती, म्हणून ते आलं नाही.”

पलीकडे मागची साडी जागच्या जागी थांबली. ओवीने कपाळाला आठ्या घालून विचार केला.

“माणसं कमी होती तर मला सांगायचं ना,” ती म्हणाली. “मी आले असते बसायला.”